तीनशे अठराचा हिशेब

१९७० साली क्रायस्लर कंपनीची प्लिमथ डस्टर ३४० (आकडा इंजिनाच्या घनइंचांचा) ही गाडी शोरूममध्ये २,५४७ डॉलरला मिळायची. तसलीच एक जुनी डस्टर घरी उभी करताना हा आकडा मी हल्ली भेटेल त्याला ऐकवतो, कारण 'मसल कार', म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थेट लिलावच उभा राहतो. चकचकीत फरशी, दिव्यांचा झगमगाट, दोरीपलीकडे उभी गाडी आणि हातोडा. २०१४ मध्ये सिएटलच्या एका लिलावात प्लिमथचीच १९७१ ची हेमी 'कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. तसल्या गाड्या निघाल्याच होत्या जेमतेम डझनभर, तेव्हा किंमत चढणारच. पण तिच्याकडे बघून या सगळ्या जातकुळीला श्रीमंतांचा शौक समजणं म्हणजे इतिहास उलटा वाचणं आहे. मुळात ही कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, नुकत्याच पगारावर लागलेल्या पोरांची गाडी.

सुरुवातच बघा. जनरल मोटर्सचा घरचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. १९६४ च्या मॉडेलात पॉन्टिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच शाखेतल्या इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी पळवाट काढली. टेम्पेस्ट या साध्यासुध्या गाडीत त्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन बसवलं आणि नवीन मॉडेल न म्हणता त्याला 'ऑप्शन' म्हटलं. ती जीटीओ. चार वर्षांनी प्लिमथने रोड रनर काढली. तिच्यात गालिच्याऐवजी रबरी चटई, पुढे सलग बाक आणि बॉनेटखाली ३८३ घनइंचांचं इंजिन. दिसण्यावर पैसा घालायचा नाही, पळण्यावर घालायचा, एवढा सरळ व्यवहार. डस्टर त्याहून काटकसरी. पुढचा सगळा भाग व्हॅलिअंट नावाच्या गरीब बिचाऱ्या कुटुंबवत्सल गाडीचा जसाच्या तसा घेतला, मागे उतरत्या छताचा नवा पत्रा चढवला आणि झाली गाडी. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून जास्त खपल्या.

त्यामुळे 'कमी पैशांत मसल कार उभी करतोय' असं सांगितल्यावर समोरचा जेव्हा सहानुभूतीने बघतो, तेव्हा मला हसू येतं. कमी पैशांत करणं हीच तर या गाडीची मूळ रीत.

माझी डस्टर १९७० चीच, पण ३४० नव्हे, ३१८ घनइंचांची. म्हणजे ५.२ लिटरचा, आठ सिलेंडरचा व्ही-एट, पण बाजारपेठेत भाजी आणायला जाणाऱ्या गाडीतला. कट्टर मंडळी ३१८ ला मसल कार मानत नाहीत. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि मी ते मनावर घेत नाही. ३४० ला आज जे पैसे पडतात त्यात माझी गाडी, तिची दुरुस्ती आणि वर आमच्या घराचं छप्पर, एवढं सगळं होतं. शिवाय ३१८ चा एक मोठा गुण कुणी सांगत नाही. या घराण्याचं इंजिन १९६७ पासून पार या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्रायस्लरच्या पिकअप, व्हॅन, पोलिसांच्या गाड्या, सगळ्यांत बसत राहिलं. त्यामुळे पिस्टन रिंगा, पॅकिंग सेट, वॉटर पंप, टायमिंग चेन, सगळं आजही साध्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं आणि तेही पिकअपच्या भावात. दुर्मीळ गाडीचा मालक वायपरच्या मोटरसाठी वर्षभर जाहिराती चाळत बसतो. माझ्यासारख्याला काउंटरवरचा मुलगा विचारतो, "आत्ता नेणार की उद्या येणार?"

प्लिमथ हे नाव आमच्या घरी परकं नव्हतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. क्रायस्लरशी सहकार्य करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडल्या जायच्या. फियाट आली ती नंतर. माझे काका कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर उभे राहून आयुष्यभर इंजिनं बोअर करत, म्हणजे झिजलेले सिलेंडर आतून कातून मोठे करत आले. उमेदवारीच्या काळात त्यांच्या हाताखालून या जुन्या अमेरिकन गाड्या गेलेल्या. इंची पान्यांचा सेट त्यांनी अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मी गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पत्रा कसा हाय?" इंजिनाचं नाव नाही, किंमत नाही, थेट पत्रा.

तो प्रश्न त्यांनी, आम्ही राहतो ते मिशिगन न बघता विचारला, हे विशेष. इथल्या डेट्रॉइट शहराच्या खाली, १,१०० फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ चिखलपाण्यासकट गाडीच्या पोटाशी जाऊन बसतं. गाडी बनवणारं शहर तेच आणि गाडी खाणारं मीठही त्याच शहराच्या पोटातलं. अ‍ॅरिझोनाकडची गाडी घेतली तर डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला आणि सीटची शिवण उसवलेली असते, पण पत्रा टणक. इथल्या गाडीत सीट छान आणि सीटखालची जमीन गायब. पण तिकडून गाडी ट्रेलरवर आणायची तर वाहतुकीचाच खर्च हजारांत. मी इथलीच घेतली, साडेचार हजार डॉलरला. मात्र घ्यायच्या आधी अंगावर जुना शर्ट चढवून, पेचकस घेऊन गाडीखाली बराच वेळ पडून राहिलो.

डस्टरच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नसतात. दोन लांब पोलादी दांडे पीळ खाऊन गाडीचं ओझं तोलतात, त्यांना टॉर्शन बार म्हणतात. त्या दांड्यांचं मागचं टोक चॅसिसच्या एका आडव्या तुळईत अडकवलेलं असतं, पुढच्या सीटच्या खाली. ही तुळई गंजली असेल तर गाडी बाहेरून कितीही देखणी असो, नमस्कार करून परत फिरावं. दुसरी जागा म्हणजे पुढच्या काचेखालची जाळी. तिच्या आत पानं साचतात, ओल राहते, आतला पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी थेट पायाशी. तिसरी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे टांगे. पेचकस टोचून बघायचा. टक् आवाज आला तर ठीक, भस्स् झालं तर सोडून द्यायची. माझ्या गाडीची तुळई शाबूत होती, टांगे शाबूत होते. डिकीची जमीन आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मात्र भस्स्.

नंबर प्लेटवरून नव्हे, पण चॅसिस नंबरवरून गाडीचं गोत्र कळतं. माझ्या गाडीच्या नंबराची सुरुवात 'व्ही-एल-२९-जी-०-बी'. यातला जी म्हणजे ३१८, शून्य म्हणजे १९७० आणि बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना, 'डॉज मेन'. डेट्रॉइटच्या पोटात वसलेलं हे छोटं स्वतंत्र गाव एके काळी जवळजवळ पूर्ण पोलिश होतं. लिलावातली ती महागडी 'कुडा आणि माझी ही डस्टर एकाच कारखान्यातून निघाल्या, त्याच लोकांच्या हातून. डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद पडला, मग पाडला. ती जागा जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यात गेली, तिथं आता विजेवरच्या गाड्या होतात. गावात आता बांगलादेशी आणि येमेनी लोकांची वस्ती आहे. मासळी घ्यायला आम्ही तिथंच जातो, त्यामुळे गाडीचं माहेर आमच्या वाटेवरच पडतं.

आता कामाचा क्रम. यूट्यूबवरची पोरं आधी इंजिन उघडतात, कारण बघायला तेच छान दिसतं. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, स्टॅम्पिंग प्लँटमध्ये हयात घालवलेले. माझ्या गॅरेजचं दार वर गेलं की ते कॉफीचा मग घेऊन हजर. त्यांचं एकच पालुपद: आधी थांबायला शीक, मग वळायला, मग पळायला. दिसणं सगळ्यात शेवटी. पुढे हिशेबाच्या वहीत मी खर्चाचे कप्पे याच क्रमाने पाडले.

थांबण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण कमी पैशांचं काम म्हणजे काय हे तिच्यात दिसतं. १९७० च्या या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एकदा जोरात दाबला तर थांबते, उतारावर लागोपाठ तीनदा दाबला की ड्रम तापून ब्रेक नुसता गोड बोलतो. पुढे डिस्क बसवायचे हे नक्की होतं. तयार किट मिळतं, पण त्याची किंमत बघून मी ते पान बंद केलं. दुसरा मार्ग असा की १९७३ पासून पुढच्या डस्टर, डार्ट, व्हॅलिअंट या भावंडांना मोठे डिस्क येत होते आणि ते आमच्या गाडीला बसतात. पण एकटे बसत नाहीत. त्या सालापासून चाकाला धरणारा वरचा सांधा, बॉल जॉइंट, मोठा झाला, म्हणून वरचे आर्मही त्याच गाडीचे हवेत. पेडलचा दाब ब्रेककडे पाठवणारा मास्टर सिलेंडर डिस्कचा हवा. पुढे-मागे दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह हवा. एवढं करून चाक बसवायला गेलं की कळतं, पुढच्या हबवर पाच बोल्टांचं वर्तुळ आता साडेचार इंचांचं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर अजून जुनं चार इंचांचं. म्हणजे एकाच गाडीत दोन जातीची चाकं आणि डिकीत दोन स्टेपन्या! म्हणून मागचा अ‍ॅक्सलही तिकडचाच.

यावर माझा तोडगा म्हणजे एक चार दारांची डार्ट. व्ही-एटची, रंग उडालेली, कुणाच्या तरी आजींनी वापरलेली. चार दारांच्या जुन्या गाड्यांना इथं कुणी विचारत नाही, त्यामुळे अख्खी गाडी किटपेक्षा फार महाग पडली नाही. पुढचे डिस्क, आर्म, पेडलचं सामान, मागचा अ‍ॅक्सल, एवढं काढून घेतलं. मग तिचं इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दारं, दिवे सुटे सुटे विकले आणि उरलेला सांगाडा भंगारात घातला. वहीत त्या पानाच्या तळाशी जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीत सुटले. या धंद्यात पैसे वाचतात ते घासाघीस करून नाही, उरलेलं विकून.

डावीकडची चाकं काढताना एक गंमत कळली. त्या काळापर्यंत क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असत, चाक फिरताना नट ढिले होऊ नयेत या विचाराने. स्टडच्या टोकावर बारीकसं 'एल' कोरलेलं असतं. ज्याला हे ठाऊक नाही तो पान्यावर उभा राहून नट सोडवायच्या नादात आवळतो आणि स्टड तोडून ठेवतो. शेजारच्या आजोबांनी मला हे सांगितलं ते मी पाना लावल्यावर, पण जोर द्यायच्या आत. हसत होते. नव्या अ‍ॅक्सलमुळे ती भानगड आता संपली. थोडं वाईटही वाटलं.

पत्र्याच्या कामात सांगण्यासारखं फारसं नाही, फक्त कंटाळा आहे. सडलेला भाग निर्दयपणे कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत. तयार पॅनल आणून बसवायचं, लांब लांब टाके मारत जायचं, एका जागी वेल्डिंग करत राहिलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. भोकावर पुटी थापून रंग मारणारे लोक जगात आहेत. माझ्या गाडीच्या मागच्या पत्र्यात पूर्वीच्या कुणीतरी थापलेली पुटी निघाली, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. त्यातल्या एका तुकड्यावर सवलतीत टर्की विकणाऱ्या दुकानाची जाहिरात होती, सहज वाचता येईल अशी.

इंजिन माझ्या कल्पनेपेक्षा बरं निघालं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासलं तर दोन सिलेंडर कमजोर. काकांना फोन केला. ते म्हणाले, "त्या दोनांत चमचाभर तेल सोड आन् परत बघ. काटा चढला तर रिंगा गेल्यात. न्हाई चढला तर व्हॉल्व्ह." काटा चढला नाही. म्हणजे खालचं इंजिन ठीक, काम वरच्या हेडचं, जिथं व्हॉल्व्ह बसतात. बोअरचा खर्च वाचला हे ऐकून काका जरा हिरमुसले, त्यांचं सगळं आयुष्य बोअरमध्येच गेलेलं.

मग जुनी हेड दुरुस्त करण्याऐवजी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ३१८ ची हेड बसवली, ज्यांवर ३०२ हा ओतकामाचा आकडा असतो. त्यांची दहनाची पोकळी आटोपशीर, त्यामुळे कॉम्प्रेशन थोडं वाढतं आणि व्हॉल्व्हच्या बैठका कडक केलेल्या, शिसं नसलेल्या आजच्या पेट्रोलला चालणाऱ्या. टायमिंग चेन बदलली, कारण तेव्हा आवाज कमी यावा म्हणून वरच्या गिअरला नायलॉनचे दात देत. पन्नास वर्षांनी ते दात तेलाच्या टाकीत सापडतात. दोन घशांच्या कार्बोरेटरच्या जागी चार घशांचा आला, त्याच्याखाली त्याला शोभेल असा इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलेंडरकडे नेणारा भाग. एवढंच. यापुढे प्रत्येक वाढीव हॉर्सपॉवरची किंमत चढत जाते.

आणि हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर माझा तसाही फार विश्वास नाही. १९७० मध्ये याच ३१८ ची ताकद कागदावर २३० होती. १९७२ मध्ये ती १५० झाली. १९७१ पर्यंत कंपन्या उघड्या इंजिनाची ताकद मोजून छापत, फॅन नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. मग गाडीत बसतं तसं, सगळं लटांबर लावून मोजायला लागल्या. उत्सर्जनाचे कायदे आणि विम्याचे वाढलेले हप्ते यांनी मसल कारला दुबळं केलं हे खरंच आहे, पण त्या ऐंशीतल्या बऱ्याचशा हॉर्सपॉवर मुळात कागदावरच्याच होत्या.

विजेच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर करंट दाखवणारा अ‍ॅमीटर असतो आणि चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलमधल्या प्लगमधून आत येऊन त्या काट्यातून फिरून परत जातो. अर्धशतक जुन्या वायरी, सैल झालेले जोड, त्यात आपण वरून तेजस्वी दिवे लावणार. जाणकार लोक आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्युजिबल लिंकसह (करंट फार वाढला की ही स्वतः वितळून तुटते) जाड वायर वेगळी टाकतात आणि अ‍ॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवतात. मीही तेच केलं. ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं. ठिणगीचा करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरचा एक सुटा तुकडा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायचा ही प्लिमथवाल्यांची जुनी चाल आहे. सेल्फ मारताना इंजिन चालू होतं आणि चावी सोडली की बंद पडतं, असं झालं तर नवखा माणूस कार्बोरेटर उघडतो आणि जुना माणूस दोन वायरी काढून तो पांढरा चिनी मातीचा तुकडा बदलतो. खांद्यावरून येणारे तीन टोकांचे सीट बेल्ट आणि रेडियल टायर हे दोन खर्च बायकोने मंजूर केले, ती गाडीत बसायची तर हीच तिची अट होती. इंजिनात झिंक असलेलं तेल वापरतो, कारण जुन्या धाटणीच्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, झिंक लागतं आणि आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं.

एवढं सगळं बारा हजार डॉलरच्या आत बसलं, गाडीच्या किमतीसकट. मिशिगनमध्ये दरवर्षीची तपासणी नसते, याचाही हातभार लागला. काय नाही केलं त्याची यादी मोठी आहे. एसी नाही. घड्याळ चालत नाही. मागच्या सीटचं कापड फाटकं आहे, त्यावर सोलापूरची चादर टाकली आहे, आणि ती तिथं फारच शोभते.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये फर्नडेलला मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झाली आणि आता फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी फुलून जातो. तिथं माझी गाडी दुरंगी अंगाने, प्रायमरच्या ठिगळांसह उभी होती. शेजारी एक लालभडक शेव्हेल, आरशासारखी. लोक तिचे फोटो काढत होते. माझ्याजवळ येऊन लोक बोलत होते. कुणाच्या आईकडे डस्टर होती, कुणी तिच्यात गाडी चालवायला शिकलं होतं, एका बाईंचं लग्न ठरलं ते तिच्या बाकावर. एका म्हाताऱ्या माणसाने दार उघडून पुन्हा लावलं, फक्त आवाज ऐकायला, आणि म्हणाला, बिजागऱ्या बदल. हेमी 'कुडा कुणाच्याच आईकडे नव्हती.

आता प्रश्न रंगाचा. रंगवाल्याने सांगितलेला आकडा गाडीच्या खरेदीच्या दुप्पट आहे. शेजारचे आजोबा म्हणतात, कशाला, आपण माझ्या कॉम्प्रेसरवर तुझ्या गॅरेजमध्येच मारू. बिजागऱ्या मी बदलल्या आहेत. दारं आता नीट लागतात, रंगाला गाडी तयार आहे. पण गॅरेजच्या मागच्या भिंतीला बायकोच्या लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीच्या मखराचं सामान आहे, आणि दरवर्षीचं मखर थर्मोकोलचं नसून तिने स्वतः केलेलं लाकडी आहे. त्यावर हिरव्या मेटॅलिक रंगाचा एक शिंतोडाही चालणार नाही, असं तिने आजोबांना इंग्रजीत आणि मला मराठीत सांगून ठेवलंय. आजोबा प्लास्टिकच्या पडद्यांचा भाव काढून आलेत. बोलणी सुरू आहेत.